लुगड्याच्या विणीची कुडी

आमच्या घरात आता पोळपाट दोन, लाटणी दोन आणि सोरेसुद्धा दोन आहेत. एका सोऱ्याने दिवाळीत चकल्या पाडायच्या. दुसऱ्यात मी बाराही महिने प्लॅस्टिकची कणीक भरून दाबते आणि खाली शेवेसारख्या बारीक नळ्या पडायला लागल्या की पोरीसोरींसारखी खूश होते. त्या नळ्यांचे मोती वळायचे, वेल वळायचे, गजरे गुंफायचे. या दुसऱ्या सोऱ्याला मी लाल दोरा बांधून ठेवलाय. तो चुकून कुणी भाजणीत घातला तर घरात महाभारत होईल, आणि ते मीच करीन.

पॉलिमर क्ले म्हणतात त्याला, मी आपली मातीच म्हणते. साबणाच्या वडीएवढा रंगीत ठोकळा येतो, मळला की मऊ होतो, हवा तो आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायचा. भाजला की कडक, आणि हलका तर इतका, की कानात घातल्यावर घातलंय हे विसरायला होतं. मोबाईलवर एका बाईला त्याचे झुमके करताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर कुरिअरवाला पहिल्यांदा ते पार्सल घेऊन आला तेव्हा मी हातातली भांडी टाकून पळाले होते. आमच्या ह्यांना वाटलं, बागेत आग लागली.

पहिल्याच घाण्याला मी आग लावलीही. ओव्हन नव्हता, पण आपण कढईत मीठ घालून, वर झाकण ठेवून केक करतोच की. केक होतो तर कानातलं का नाही व्हायचं? मी मिठाऐवजी वाळू घातली, स्टँड ठेवला, त्यावर ताटलीत माझी गुलाबी फुलं मांडली आणि कौतुकाने झाकण घातलं. केकला चाळीसेक मिनिटं लागतात म्हणून तेवढी वाट पाहिली. झाकण उघडलं तर फुलं कोळशासारखी काळी, आणि वास असा, की गोठ्यातली गायसुद्धा शिंकली. कढई भंगारात गेली. पुढे कित्येक दिवस हे जेवायला बसताना विचारायचे, आज भाजीत काही दागिने पडलेत का.

मला राग पटकन येतो आणि तो नाकाच्या शेंड्यावर बसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण राग आला की माझा हात जास्त चालतो. छोटा ओव्हन आणला, त्याची आच मोजायला काटा आणला, आणि मग जे वेड लागलं ते काही विचारू नका. पेरूची ताजी पानं मातीवर उलटी दाबली की त्यांच्या शिरांची जाळी जशीच्या तशी उमटते, हे कळलं तेव्हा मी बागेत जाऊन झाडाझाडाची पानं उलटून पाहायला लागले. कोवळ्या पानाची शीर नाजूक, जून पानाची ठसठशीत. मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख मातीवर पसरून लाटलं की वर्ख तडकतो आणि मधूनमधून रंग डोकावतो. पांढऱ्या मातीवर डोळ्यांना लावायची चमचमती पावडर बोटाने चोळली की मोत्याची झाक येते. अळूवडीची गुंडाळी करतो तशी दोन रंगांची पट्टी गुंडाळून कापली की प्रत्येक चकतीत भोवरा निघतो. सगळंच काही जमलं नाही. चकाकी यावी म्हणून एकदा नेलपेंट फासलं, तर महिन्याभराने ती कानातली चिकट झाली आणि एका मैत्रिणीच्या केसांत अशी बसली की कात्री घ्यावी लागली. ती मैत्रीण अजून मला ऐकवते.

हे सगळं एकीकडे, आणि आमच्या आत्या एकीकडे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. माझ्या या उद्योगाला त्या 'रबराची कनीक' म्हणायच्या आणि लांब बसून बघायच्या. पण मी काही नवीन ओव्हनमधून काढलं की चष्मा पुसून जवळ यायच्या, उलटसुलट करून बघायच्या, तळहातावर झुलवून वजन घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. घालून मात्र कधी बघितलं नाही. कसं बघणार? त्यांच्या उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. दोन फाकाच झाल्या होत्या. माहेरून मिळालेल्या जड मोत्यांच्या कुड्या होत्या, त्यातली एक पेरूची फांदी अडकून कानातून ओढली गेली, असं मला लग्न होऊन आल्यावर सांगितलं होतं. डॉक्टर टाके घालून देतो म्हणाला, तर या म्हणाल्या, आता कुठं फाटकं शिवत बसू. एकाच कानात घालणं बरं दिसेना म्हणून डावा कानही बुच्चा ठेवला. तेव्हापासून डोक्यावरचा पदर उजव्या बाजूने कायम पुढे ओढलेला. लग्नकार्यातल्या एकाही फोटोत त्यांचा चेहरा सरळ नाही.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. तान्ही बाळं त्यांनी न्हाऊमाखू घालावीत, पायावर झोपवावीत, मांडीवर खेळवावीत, पण खांद्याला लावायची वेळ आली की लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. माझ्या दोन्ही पोरांचे ढेकर मीच काढले. म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखत असेल, असं मी धरून चालले होते.

चैत्रात कोल्हारहून नणंदेचा फोन आला. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. मागोमाग नवरीने स्वतः फोन घेतला. हळदीचे दागिने मामीच्या हातचेच हवेत, पिवळ्या फुलांचे, खरी फुलं उन्हात कोमेजतात, असं तिने मला सांगितलं. आणि आजीला निरोप दिला, की हळदीच्या फोटोत आजी माझ्या शेजारी पाहिजे, कॅमेऱ्याकडे तोंड करून, नाहीतर मी हळदच लावून घेणार नाही. आत्यांना हे सांगितलं, तर त्या तांदूळ निवडत होत्या त्या निवडतच राहिल्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, लग्नाला येईन, फोटोला नाही. आवाज साधाच होता, पण पदर आपोआप पुढे ओढला गेला.

त्या क्षणी मी ठरवलं. नवरीची फुलं तर करायचीच, पण आत्यांच्या कानात मी कुडी घालणार. पाळी नसली तर नसली. कानाच्या मागून, चष्म्याच्या काडीसारखी तार वळवायची आणि तिच्या टोकाला पाळीवर झाकून बसेल अशी कुडी लावायची. सोन्याची करायची तर कान आणखी खाली ओढला जाईल. पण माझ्या मातीला वजनच कुठे आहे? मला इतका आनंद झाला, की मी ते ह्यांना सांगायला विहिरीवरच्या मोटारीपर्यंत पळत गेले. हे पाण्यात उभे होते. म्हणाले, तार कुठली घेतीस? मी म्हटलं, तेच विचारायला आले. जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्याकडून त्यांनी तांब्याच्या तारेची गुंडाळी आणून दिली, आणि आमच्या संसारात पहिल्यांदाच माझ्या धंद्यावर टोमणा मारला नाही.

मग पंधरवडाभर नुसती धमाल. मोती गोल वळले तर कुडी पुढे फुगायची आणि कलंडायची. लहान मोती केले तर पाळी झाकली जाईना. केसांत पिनेने घट्ट अडकवता येईल अशी साखळी लावून पाहिली. रंग साधेना. पांढरा केला तर प्लॅस्टिक दिसायचं, पिवळा केला तर हळदकुंकवाच्या वाणातला स्वस्त दागिना. शेवटी मोत्यांच्या रंगात किंचित शेवाळी छटा मिसळली, वर्ख लावला, सात मोत्यांचं एकेक फूल करून दोन्ही कुड्या ताटलीत मांडल्या. इतक्या सुरेख झाल्या होत्या की भाजायच्या आधी मी चार वेळा ओव्हनचं दार उघडून बघितलं. आणि लाईट गेली.

लाईनचं काम होतं, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी ताटली तशीच ओट्यावर ठेवली आणि राहात्याला बाजाराला गेले. परत आले तर ओट्यावर ताटली नाही. गच्चीवर आत्यांचं वाळवण चाललं होतं, कुरडया, सांडगे, पापड्या. मी जिना चढले आणि मला दिसलं. कुरडयांच्या रांगेला लागून माझी ताटली. वर आत्यांच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, आणि तो वाऱ्याने उडू नये, कावळ्याने चोच घालू नये म्हणून त्यावर पोळपाट. माझा मातीचा पोळपाट नव्हे, पोळ्यांचा, शिसवी, जड.

आत्या कौतुकाच्या अपेक्षेने बघत होत्या.

"लाईट न्हाई तर ते कसं वाळनार? म्हनून उन्हात घातलं म्या," त्या म्हणाल्या. "कुरड्या एका दिसात वाळत्यात, हे तर इवलंसं हाय."

ही माती उन्हात वाळत नाही, उलट लोण्यासारखी मऊ होते, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. पोळपाट उचलला. गोल मोत्यांच्या चकत्या झाल्या होत्या आणि कापड त्यांना चिकटलं होतं. मी इतकी बोलले, इतकी बोलले, की शेजारच्या वस्तीवरच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आत्या कुरडया पालथ्या करत राहिल्या. मी ताटली घेऊन खाली आले आणि दार आपटलं.

चिडचिडत कापड सोलायला घेतलं. एका चकतीवरून ते निघालं आणि माझा हात थांबला. लुगड्याची वीण उमटली होती. आडवा धागा, उभा धागा, इतकी बारीक आणि सारखी, की कुठल्याही साच्यातून अशी कधी आली नसती. वर्ख त्या विणीत मुरून तडकला होता. मी सोनेरी पावडरीत बोट बुडवलं आणि हलकेच वरून फिरवलं. उंचवट्यांवर सोनं चढलं, खाचांत शेवाळी रंग राहिला. जुन्या, वापरून झिजलेल्या सोन्यासारखी चकती. मी घरात एकटीच मोठ्याने हसले. मग पळत जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि आत्यांना हाक मारली, तर त्यांना वाटलं मी आणखी बोलायला आलेय. त्या म्हणाल्या, माजं चुकलं, आता पुरे कर.

मी त्यांना हात धरून खाली आणलं आणि चकती दाखवली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन पाहिली.

"ह्ये माज्या लुगड्याचं हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी दंडावरचा घाम पुसला आणि समोर बसकण मारली. मातीचा एक ठोकळा उचलून भाकरीच्या पिठासारखा मळायला घेतला. मी मिनिटभर धापा टाकत मळते ती कडक माती त्यांच्या तळव्याखाली कधी मऊ झाली ते कळलं नाही. माझा राग कधीच पळाला होता, आणि मला लाज वाटत होती. तेवढ्यात त्या मान खाली घालून बोलल्या.

"फांदीनं न्हाई फाटला कान. हिनंच वढला हुता, कोल्हारच्या ह्या नवरीनं. न्हान हुती, खांद्याला लावली हुती म्या. तिनं मूठ वळली आन् हिसका दिला. रगत तिच्या झबल्यावर सांडलं, आन् ती आपली हसतीय."

मग फांदीची गोष्ट कशाला रचली, असं मी विचारलं.

"पोरीला कुनी म्हनंल, आज्जीचा कान फाडला हिनं. तेवढं एक बोलनं जल्माला पुरतं. तिला ठावं न्हाई, आन् व्हऊ बी द्यायचं न्हाई. तिच्या शेजारी उभी राह्यले की ती कानाकडं बगनार, कसा फाटला इचारनार." त्यांनी मातीचा गोळा उलटा केला. "तवापास्नं एक बी पोर खांद्याला लावलं न्हाई म्या. भ्याव वाटतंय."

मी इतकी वर्षं त्यांचा खांदा दुखतो असं समजत होते. खांद्याला लावायची वेळ आली की माझ्या पोरांना माझ्याकडे पुढे करणारे ते हात आठवले आणि डोळे भरून आले. त्यांनी पाहिलं, पण पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मी केसांतली घट्ट साखळी काढून टाकली. कुडी नीट बसली पाहिजे, पण ओढली तर अलगद निघून यायला हवी, कानाला दुखता कामा नये. आता सगळं पुन्हा करायचं होतं आणि मला त्याचा कंटाळा नव्हता, उलट अंगात वारं संचारलं होतं. मुद्दामच लुगड्याचा तुकडा आणि शिसवी पोळपाट घेतला. चकत्या पातळ लाटल्या, म्हणजे कुडी कानाला चपटी लागून बसते आणि पाळी झाकते. तार दोन चकत्यांच्या मध्ये दाबून भाजली. तारेचं टोक कान खरवडू नये म्हणून त्यावर मातीचाच बारीक मणी चढवला. आत्या शेजारी बसून मळून द्यायच्या, आणि वीण तिरकी आली की मान हलवायच्या. आमचं एवढं जमायला लागलं, की माझ्या पोरांना जेवायला कधी मिळणार ते विचारावं लागे. कुडी किती ओढली की निघते हे पाहायला आधी मी माझ्याच कानावर घातली, मग ह्यांच्या. हे कुडी घालूनच मोटार चालू करायला गेले आणि दूधवाल्याने ती पाहिली. गावात अजून ती गोष्ट चालते, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते.

हळदीच्या दिवशी कोल्हारला मांडवात नवरी माझ्या पिवळ्या फुलांत इतकी सुंदर दिसत होती, की दोन पोरींनी मला बाजूला घेऊन त्यांच्या लग्नांच्या तारखा सांगितल्या. माझं लक्ष मात्र आतल्या खोलीत होतं. आत्यांनी आरशासमोर उभं राहून आधी चष्मा काढला, मग मी तार कानामागे बसवली, मग त्यांनी चष्मा परत चढवला. डावीकडे, उजवीकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पदर डोक्यावर घेतला तो दोन्ही बाजूंनी कानांच्या मागे. बाहेर आल्या तशी नणंद हातातली परात धरून तशीच थांबली.

फोटो झाला. नवरीने आजीच्या गालाला हळद लावली, कुडीला बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, मामी, मला का नाही अशा केल्या. आत्या कॅमेऱ्याकडे सरळ बघत उभ्या होत्या. फोटोवाल्याने हसायला सांगितलं, आणि त्या हसल्या. माझ्या मनात होतं ते काम झालं होतं, आणि मी मोठ्या ऐटीत पाणी प्यायला वळले.

तेवढ्यात नवरीच्या थोरल्या बहिणीला बाया नाचायला ओढत होत्या. तिने कडेवरची तान्ही लेक जवळच उभ्या असलेल्या आजीच्या हातात दिली आणि गेली. आत्या सवयीने तिला आडवी करून मांडीवर घ्यायला खुर्चीवर बसल्या. बाळ काही आडवं होईना. गाणं ऐकून त्याला उभं राहायचं होतं. ते आत्यांच्या पोटावर पाय देत वर चढलं, खांद्यावर हनुवटी टेकवली, आणि त्याला कुडी दिसली. मी पाण्याचा ग्लास टाकून धावले.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या.

बाळाने मूठ वळली आणि हिसका दिला. कुडी अलगद निघून त्याच्या मुठीत आली. आत्यांचा हात झटकन कानाला गेला. त्यांनी कान चाचपला आणि बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. बोटांना हळद लागलेली होती, बाकी काही नव्हतं. पलीकडे नवरी टाळ्या वाजवत होती, आजीची कुडी चोरली, आजीची कुडी चोरली, असं म्हणत खदखदून हसत होती. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाळाची मूठ सोडवून कुडी घेतली, चाचपडत आपल्या हातांनी कानामागे अडकवली, बाळाला नीट खांद्याला लावलं, आणि त्याच्याकडे कान पुढे केला.

"वढ," त्या म्हणाल्या. "आजून एकदा वढ माजे बाई."

बाळाने ओढली.